मोटार एक सूत वाढली

लढाईच्या आधीची खेळण्यातली मोटार आणि लढाईनंतरची, अशा दोन्ही शेजारी ठेवल्या तर वरून फारसा फरक दिसत नाही. उलट्या केल्या की दिसतो. आधीची आतून पोकळ असते. नुसतं कवच, आणि टाचणीएवढ्या तारेच्या आसावर बसवलेली चार पांढरी रबरी चाकं. नंतरचीला खालून पत्र्याचं बूड आहे, आस चांगला जाड आहे, रबर काळं आहे आणि रंगाचा थरही दाट आहे. आधीची मोटार मी तोलली तेव्हा साडेसात तोळे भरली होती. नंतरची आठ तोळ्यांना काही गुंजा कमी भरली. सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानात मी कित्येक वर्षं तोलाईचं आणि जमाखर्चाचं काम करतो. हातात आलेली वस्तू तोलायची आणि मोजायची मला खोडच आहे.

दुकानदार सांगतात, नवा माल जुन्याच साच्यांतून काढलेला आहे. असेल. साचा जुना असला तरी धातू जुना नाही. हा धातूतला फरक आमच्या घराला फार उशिरा कळला, म्हणून हे लिहायला बसलो.

माझ्या लहानपणी साताऱ्याच्या बाजारात शिशाच्या गाड्या यायच्या. आकाराने बोटभर, वजनाला जड. खेळून झालं की हात काळे व्हायचे. दगडावर पडली की ती वाकायची आणि दाताखाली धरून पुन्हा सरळ करता यायची. तिला दारं-खिडक्या असायच्या त्या नुसत्या रेघा. पुढे जस्ताच्या ओतीव मोटारी आल्या तेव्हा लोक हरखले. त्यांना आरपार खिडक्या होत्या, पुढचे दिवे वेगळे उठून दिसायचे, मडगार्डची गोलाई खरी वाटायची. त्या वाकत नसत. वाकत नाही म्हणजे टिकाऊ, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

आमचं गाव मेढ्याच्या पलीकडे डोंगरात आहे. माझा धाकटा भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो पलटणीत गेला आणि तिथे मोटार चालवायला शिकला. गावातून पलटणीत गेलेले पुष्कळ होते, पण मोटार हाकणारा तो पहिला. त्याचा एकच ध्यास होता. पेन्शन घेऊन परत यायचं आणि सातारा-मेढा रस्त्यावर स्वतःची सर्व्हिस मोटार घालायची. लढाई सुरू व्हायच्या आदल्या दसऱ्याला तो रजेवर आला तेव्हा मुंबईहून गडद हिरव्या रंगाची एक ओतीव मोटार घेऊन आला. त्याला मूलबाळ नव्हतं. मोटार त्याने स्वतःसाठीच आणली होती आणि ते सांगायला तो लाजला नाही.

अंगणात माणसं जमली. शेजारच्या तात्यांनी मोटार तळहातावर घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली.

"काय रं गड्या, शिटा किती?"

"चार, तात्या."

"मंग मला उद्याच्याला साताऱ्याला सोड की. कोर्टात तारीख हाय."

"सोडतो. पर तुमी बसल्यावर टायर बसत्याल, ते कोन भरून देनार?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि आई सहसा हसत नसे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी कोयते, विळे, पहार, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. ज्याच्याकडे गाडी असेल तो गाडी धुतो. भावाने ती खेळण्यातली मोटार कोयत्यांशेजारी पाटावर आणून ठेवली.

"आई, खरी येईस्तवर हिची पूजा करायची. न्हाईतर खरीला राग येईल."

आईने मोटारीला तांब्याने पाणी घातलं, पदराने पुसलं. त्याच्या बायकोने तोंडावर पदर ओढून कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. तिथून ती रीतच पडली. दर खंडेनवमीला मोटारीला अंघोळ, हळदकुंकू, फूल.

त्याच रजेत भावाने सुताराकडून फणसाच्या लाकडाची एक पेटी करून घेतली. पुढून काचेचं दार, त्याला बोटाएवढं कुलूप. मी मोटारीला फूटपट्टी लावली, लांबी बरोबर चार इंच भरली. भावाने सुताराला बजावलं, "कागद सरकंल एवढीच फट ठेवायची. घाटात माल हालला की फुटतो." सुताराने तशीच पेटी दिली. ती माजघरात भिंतीवर बसवली. कुलपाची किल्ली भावाने बायकोकडे दिली. आईचे गुडघे धरलेले होते आणि कोठीची खोली माळ्यावर, त्यामुळे घराच्या किल्ल्यांचा जुडगा आधीपासूनच माझ्या भावजयीच्या कमरेला असायचा. तेल, डाळ, गूळ, पीठ, सगळं तिच्या हातून निघायचं. माझी बायको माझ्याबरोबर सांगलीला होती, तिचा ह्यात काही हक्क नव्हता आणि तिने कधी तो मागितलाही नाही. आता पेटीची किल्ली त्याच जुडग्यात आली.

इथे एक सांगायला हवं. आमच्या बाजूला धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर येत नाही आणि त्याच्याशी बोलत नाही. मी घरात असलो की ती दाराआड. मला काही सांगायचं असलं तर माझ्या बायकोला सांगायची, आणि मी ते ऐकतो आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हापासून मला तिचा आवाज माहीत होता. चेहरा नीट माहीत नव्हता.

बेचाळीसच्या सुमारास तार आली. भाऊ आफ्रिकेत मारला गेला. तिकडे लॉरी चालवत होता, एवढंच कळलं.

किल्ल्या भावजयीकडेच राहिल्या. आईने त्या मागितल्या नाहीत. गावातल्या बायका आईला म्हणाल्या होत्या की विधवा सुनेच्या हाती कोठी ठेवू नका, तरी मागितल्या नाहीत. हे आईच्या बाजूने मी नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिच्या बाजूने नोंदवण्यासारखं फार नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला मोटारीची पूजा माझ्या बायकोने केली, कारण आता घरात कुंकू लावणारी तीच एक उरली होती. भावजयीने कुलूप उघडून दिलं आणि ती दाराआड गेली. माझी बायको मोटार काढायला गेली तर निघेना. दोन्ही टोकं लाकडात घट्ट बसली होती. ओढून काढली तेव्हा चाकंही फिरेनात, आणि रंगावर केसासारख्या बारीक रेघा दिसल्या.

दाराआडून आवाज आला, "जाऊबाई, मोटार फुगलीया."

आई ओट्यावरून म्हणाली, "धातू फुगतो व्हय गं? भाकरी हाय का ती?"

तात्या पूजेला आलेले होते. ते मोठ्याने हसले. "तव्यावर टाकून बघा, पापुद्रा सुटतो का!"

भाऊ गेल्यानंतर त्या घरात कुणी पहिल्यांदाच हसत होतं, त्यामुळे ते हसणं जरा लांबलंच. लाकूड फुगलं असणार, असं मी म्हणालो. त्यात चूक काही नव्हती. आमच्याकडे पाऊस असा की आषाढापासून एकही दार धड लागत नाही, माजघराची चौकट दर वर्षी तासावी लागते. मी पटाशी घेतली आणि पेटी आतून थोडी तासून दिली. मोटारीला तांब्याने पाणी घातलं, पुसली, फूल वाहिलं, आणि पुन्हा कुलपात ठेवली.

पुढच्या वर्षी आईने स्वतः पेटीत हात घातला. भावजयीने कुलूप उघडलं तेव्हा काचेतून मोटार धड दिसत होती. आईने उचलली तशी पुढची बाजू खाली पडली, मग एक मडगार्ड, मग छत. आईच्या हातात मागची चाकं तेवढी राहिली.

आईने ती चाकं उलटी करून पाहिली. मग दाराकडे वळली.

"कवा आपटलीस?"

"आत्याबाई, म्या हात बी लावला न्हाई."

"किल्ली कुनाकडं हुती?"

"माझ्याकडं."

"मंग दुसरं कोन आलं हुतं फोडायला? उंदीर?"

आईने चाकं पाटावर ठेवली.

"तुला पाट लावायचा आसंल तर त्वांडानं सांग की. दावं सोडते, जा म्हनते. त्याच्या गाडीवर कशापायी राग काढलास?"

आमच्या घराण्यात विधवेचं दुसरं लग्न होत नाही. पाट लावायचा आहे का, असं विचारणं म्हणजे तिच्या वागणुकीवर बोट ठेवणं होतं, तेही तात्यांसमोर आणि शेजारच्या दोन बायकांसमोर. आईने हात पुढे केला. दाराच्या फटीतून किल्ल्यांचा जुडगा आला. आईने तो स्वतःच्या कमरेला खोचला.

त्या दिवसापासून माझ्या भावजयीने चिमूटभर हळदसुद्धा मागून घेतली. आईला माळा चढवत नव्हता, म्हणून सून वर जायची, आई जिन्याखाली उभी राहायची. सून खाली आली की आई भांड्यात काय आणि किती आहे ते बघायची आणि मग किल्ली परत घ्यायची. विहिरीवर बायका आपापसात बोलत. तिचं माहेर म्हसवडकडचं. वडील येऊन म्हणाले, चल. ती गेली नाही. माझ्या बायकोला तिने कारण सांगितलं होतं.

"आत्ता गेले तर मीच फोडली आसं हुईल, जाऊबाई. ठरलं की जाईन."

काय ठरायचं होतं, कोण ठरवणार होतं, ते तिलाही माहीत नसावं.

मोटारीचे तुकडे नदीत सोडा, असं आई म्हणाली. मी ते पेटीसकट सांगलीला आणले, डाग देऊन जोडता येतील म्हणून. तांबटाने डाग द्यायला घेतला तर धातू डाग धरेना, दाबला की कडेने भुगा व्हायला लागला. त्याने तुकडे भुग्यासकट परत दिले. मी खोडीप्रमाणे तोलले. साडेसात तोळे. नवी असताना तोलली होती तेव्हाच्या वजनात काही फरक नव्हता. आपटून फुटली असती तर कुठेतरी कपचा उडाला असता, वजन घटलं असतं, हे तेव्हाच लक्षात यायला हरकत नव्हती. पण आपटून फुटलेल्या वस्तूचे तुकडे बाई माणूस झाडून गोळा करते, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पेटी फळीवर ठेवून दिली.

लढाई चालू असेपर्यंत बाजारात ओतीव मोटारी दिसत नव्हत्या. साताऱ्याला आणि सांगलीला रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून केलेल्या गाड्या मिळायच्या, नाहीतर लाकडाच्या. पत्र्याच्या गाडीच्या आतल्या बाजूला डब्यावरचं चित्र तसंच राहिलेलं असायचं. त्यांच्या कडांनी हात कापायचे, पण त्या फुगल्याचं मी ऐकलं नाही. लढाई संपल्यावर ओतीव माल हळूहळू पुन्हा यायला लागला.

स्वराज्य मिळालं त्याच्या आसपासची दिवाळी. मी ज्यांच्या अडतीत काम करतो ते शेठ जैन आहेत. पाडव्याला दुकानातली माणसं त्यांच्या घरी फराळाला जातात. तिथे दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. दर वर्षी मी त्याच्याकडे पाठ करून बसत असे. त्या वर्षी बसायला जागा समोर मिळाली. कपाटात चिनी मातीची भांडी होती आणि खालच्या कप्प्यात पाच मोटारी. दोन जुन्या, धड. एक नवी, काळ्या चाकांची. आणि दोन नुसते तुकडे, मोटारीच्या आकारात मांडून ठेवलेले. त्यांतला एक रंग गडद हिरवा.

मी उठून जवळ गेलो. शेठ म्हणाले, "पोरांसाठी लढाईच्या आधी मुंबईहून आणल्या होत्या. चार. दोन गेल्या."

"कुणाच्या हातून पडल्या?"

"अहो, कुणाच्या हातून नाही. कपाटाला कुणी हात लावत नाही. पोरं मोठी झाली, कॉलेजात आहेत. आपोआप तडकल्या."

"आपोआप?"

"मुंबईच्या दुकानदाराला विचारलं मी. तो म्हणाला, लढाईच्या आधीचा पुष्कळ माल असाच गेलाय. जस्तात शिसं मिसळलं गेलं म्हणे. ओल लागली की आतून फुगत जातं, आणि मग तडा. सगळ्याच नाही जात, ज्या घाण्यात मिसळ झाली त्याच जातात. आता म्हणे धातू निवडून घेतात. ही नवी बघा, साचा तोच."

"घरात कुणाला विचारलंत का, कशी फुटली म्हणून?"

शेठ म्हणाले, "घरात काय विचारायचं? माल खराब निघाला."

शेठाणी आतून करंज्या घेऊन आल्या. मी एक घेतली. तिची चव मला आठवत नाही. शेठच्या घरी माल खराब निघाला होता. आमच्या घरी बाई खराब निघाली होती.

खोलीवर येऊन पेटी काढली. तुकडे जुळवून फूटपट्टीवर ठेवले. चार इंच आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा जास्त. पुन्हा जुळवले, तरी तेच. दुसऱ्या दिवशी शेठची परवानगी घेऊन त्यांची नवी मोटार मोजली. त्याच साच्यातली, चार इंच. मग सांगलीच्याच दुकानातून तसली एक मोटार मी विकत घेतली. दिवाळीत मला घरी जायला जमलं नाही, हळदीचे सौदे पुढे होते. शेवटी पुढच्या दसऱ्याला मी आणि बायको गावी गेलो.

आईसमोर पाटावर दोन्ही मोटारी ठेवल्या. आईला फूटपट्टी कळत नाही. म्हणून मी पेटीच्या आत, जिथे पटाशीने तासलं होतं तिथे, बरोबर तेवढ्या जाडीची चीप बसवून आणली होती. पेटी पुन्हा सुताराने केली होती तशी झाली. नवी मोटार आत सरकवली, ती सहज गेली आणि सहज निघाली. मग जुन्या मोटारीचे तुकडे जुळवून आत घालायला गेलो. गेले नाहीत. आईने स्वतः घालून पाहिले. एकदा उलटेही घालून पाहिले. मग मी शेठच्या घरच्या दोन मोटारींचं सगळं सांगितलं.

"मंजी, धातूच वाईट हुता," आई म्हणाली.

"हो."

"आपली भांडी न्हाई कवा फुगली."

"भांडी तांब्या-पितळेची आहेत, आई."

माझी बायको माजघराच्या दाराशी उभी होती आणि तिच्यामागे, दाराआड, भावजय होती. माझं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं.

"किल्ल्या तिला दे," मी म्हणालो.

आईने कमरेचा जुडगा सोडवला. हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला आणि हाताने दाराच्या दिशेने ढकलला. तो अर्ध्या वाटेत राहिला.

"घे बाई. झालं गेलं."

त्यावर भावजय दाराआडून बाहेर आली. डोक्यावरून पदर होता, पण चेहरा उघडा होता. माझ्यासमोर अशी ती कधी आली नव्हती. मला वाटलं होतं त्याहून वय जास्त दिसलं. ती आईशी बोलली नाही, माझ्याशी बोलली.

"दादा, फुगलीया म्हनून म्या तवाच सांगितलं हुतं."

"हो."

"कुठं फुगलीया, येवढं बी कुनी इचारलं न्हाई."

मग ती वाकली. मला वाटलं जुडगा उचलते आहे. तिने पाटावरचे तुकडे गोळा करून ओच्यात घेतले आणि ती आत निघून गेली.

नव्या मोटारीला माझी बायको पाणी घालणार होती. आतून आवाज आला, "जाऊबाई, ती आपली न्हवं." बायकोने तांब्या खाली ठेवला. त्या खंडेनवमीला पाटावर कोयते आणि विळेच होते.

ती मोटार मी सांगलीला परत आणली. माझ्या फळीवर आहे. अधूनमधून मोजतो. चार इंच आहे, रंगावर रेघ नाही, चाकं फिरतात. कारखानदार सुधारले आहेत, ह्यात शंका नाही.

किल्ल्यांचा जुडगा संध्याकाळपर्यंत माजघरात तसाच पडून होता. येणारे-जाणारे त्याला वळसा घालत होते. शेवटी माझ्या बायकोने उचलून जिन्याशेजारच्या खुंटीला अडकवला. तो अजून तिथेच आहे. आईने परत घेतला नाही आणि भावजयीने हात लावला नाही. कोठीला आता कुलूपच नसतं.

मला वाटलं होतं, ठरलं की ती म्हसवडला जाईल. गेली नाही. तिथेच आहे, स्वयंपाक करते, आईचे गुडघे चोळून देते. कोठी उघडी आहे, तरी प्रत्येक वेळी माळ्यावर चढण्याआधी ती जिन्याशी थांबते आणि शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "आत्याबाई, तेल घिऊ का?" आईला "घे" म्हणावं लागतं. मग पिठासाठी विचारते. मग डाळीसाठी. आई आता थकली आहे, तिला कमी ऐकू येतं, कधी कधी पहिल्यांदा उत्तर येत नाही. तेव्हा ती जिन्याशी उभी राहते आणि पुन्हा विचारते. "घे" आल्याशिवाय पायरीवर पाय ठेवत नाही.